लक्ष आणि उतावळेपणा मोजताना : एडीएचडीच्या तपासणीचे दोन दिवस

तपासणीची वेळ आम्ही सकाळी साडेनऊची देतो. शाळा आणि क्लास उरकून संध्याकाळी आणलेलं मूल दमलेलं असतं, आणि दमलेल्या मुलाचे चाचणीतले आकडे एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि चळवळेपणा-उतावळेपणाचा विकार) असलेल्या मुलाच्या आकड्यांसारखेच दिसतात. फोनवरच सांगून ठेवतो : आदल्या रात्री नेहमीच्या वेळेला झोपवा, सकाळी पोटभर नाश्ता द्या, चष्मा विसरू नका, सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे घ्या. मुलाला ‘नीट बस, नाहीतर डॉक्टर इंजेक्शन देतील’ असं सांगून आणू नका. ‘काही कामं करायची आहेत, काही मजेची, काही कंटाळवाणी’ एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि ते खरंही असतं. औषध आधीच सुरू असेल तर चाचणीच्या दिवशी द्यायचं की नाही हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. एडीएचडीच्या औषधांपैकी कमी वेळ टिकणाऱ्या मिथाइलफेनिडेटचा असर त्याच दिवशी उतरतो, ॲटोमॉक्सेटिनचं तसं नसतं. त्यामुळे ‘आज सकाळची गोळी दिली नाही’ या वाक्याला प्रत्येक औषधाच्या बाबतीत वेगळा अर्थ असतो.

पहिला दिवस कागदांचा आणि बोलण्याचा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी व्हँडरबिल्ट प्रश्नावली वापरतो. पालकांच्या कागदावर ५५ विधानं, शिक्षकांच्या कागदावर ४३. पहिली नऊ लक्षाबद्दलची, पुढची नऊ चळवळेपणा आणि उतावळेपणाबद्दलची. प्रत्येकाला ० ते ३ गुण. २ किंवा ३ मिळालेली विधानंच मोजायची, नऊपैकी सहा भरली तर तो गट ‘लागू’. शिवाय अभ्यास, नाती, वर्गातलं वागणं यांच्या भागात ४ किंवा ५ गुण, म्हणजे प्रत्यक्षात काहीतरी अडतंय, असं दिसायला हवं. नुसती लक्षणं आहेत आणि कुठेच अडत नाही, तर ते निदान होत नाही. सहाचा हा आकडा डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतला आहे. २०१३ च्या या आवृत्तीनुसार लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, त्यांतली काही बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात. सहा ते नऊ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी तयार केलेलं इन्क्लेन या संशोधन-संस्थेचं एडीएचडी निदान-साधनही हाताशी असतं. त्यात तपासणाऱ्याने पालकांना प्रश्न विचारून नोंद करायची असते, त्यामुळे वाचता-लिहिता न येणाऱ्या पालकांकडूनही नीट माहिती मिळते.

प्रश्नावली भरताना सगळ्यात मोठा घोळ होतो ‘बऱ्याचदा’ या शब्दावर. कोणाचं बऱ्याचदा? एकुलतं एक मूल असलेल्या आईला तुलना करायला दुसरं मूल घरात नसतं. म्हणून आम्ही प्रत्येक विधानाला उदाहरण मागतो. ‘वस्तू हरवतो’ याला ३ गुण दिले असतील तर गेल्या महिन्यात काय काय हरवलं? डबा दोनदा, कंपास एकदा, स्वेटर शाळेत राहिला, अशी यादी भराभर आली तर गुण पक्का. आई आठवत बसली तर तो गुण रागातून आला असण्याची शक्यता जास्त. आई आणि बाबांनी कागद वेगवेगळे भरायचे, एकमेकांना न विचारता. गुणांत फरक पडला तर तो आम्हाला उपयोगाचाच असतो : बाबा मुलाला रविवारी बागेत बघतात, आई रोज संध्याकाळी गृहपाठाला घेऊन बसते. आणि सोबत आलेली आजी हमखास म्हणते, “याचा बाप पण अस्साच होता, चौथीपर्यंत एक पाटी धड राहिली नाही.” हे वाक्य बहुतेक घरांत तक्रार मोडून काढायला वापरलं जातं. आम्ही ते शब्द न शब्द लिहून घेतो, कारण एडीएचडी घराण्यात चालतो.

शिक्षकांच्या कागदाला हंगाम असतो. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नव्या बाईंना कागद दिला तर त्यांना साठातल्या वीस मुलांची नावंही नीट आठवत नसतात. निदान सहा-आठ आठवडे जाऊ देतो किंवा गेल्या वर्षीच्या बाईंकडून भरून घेतो. शक्य असेल तर दोघींकडून, आणि एक कागद पीटीच्या सरांकडून. बाईंना आणखी एक विचारायचं असतं : हे मूल वर्गात वयाने कुठे बसतं? सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. पहिलीत एक वर्ष म्हणजे फार झालं. वर्गातल्या धाकट्या मुलांना एडीएचडीचं लेबल जास्त लागतं, हे अनेक देशांत दिसून आलेलं आहे.

मुलींच्या बाबतीत बाईंचा कागद बऱ्याचदा कोरा येतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही. तिची नऊ विधानं भरून घ्यायला वह्या मागवाव्या लागतात : फळ्यावरून उतरवलेलं अर्धवट वाक्य, हातचा विसरलेली बेरीज, पान उलटताना सुटलेला प्रश्न.

त्याच दिवशी इतर कारणं तपासतो. कानाची ऑडिओमेट्री आणि डोळ्यांची तपासणी झाली आहे का, रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, किती वाजता झोपतो. वर्गात मधेच पाच-दहा सेकंद ‘हरवतो’ आणि हाक मारली तरी ऐकू जात नाही, असं कोणी सांगितलं की मुलाला आधी बालमेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. ॲबसन्स प्रकारच्या फिटमध्ये हेच दिसतं. तिथे मुलाच्या हातात भिरभिरं देऊन तीन मिनिटं फुंकायला लावतात. जोरजोरात श्वास घेतल्याने तो झटका समोरच येतो. अशा मुलाला ‘लक्ष दे, लक्ष दे’ म्हणत दोन वर्षं घालवलेली असतात, म्हणून हा प्रश्न आम्ही कधीच गाळत नाही.

बुद्धिमापन वेगळ्या बैठकीत. आपल्याकडे मिसिक ही चाचणी सर्रास वापरतात. अमेरिकेतल्या वेक्स्लर चाचणीवरून नागपूरमध्ये डॉ. मालिन यांनी ती भारतीय मुलांसाठी बेतली. तिच्यातल्या अंकस्मरण, कोडिंग (ठरलेल्या खुणा भराभर भरणं) आणि भूलभुलैया या उपचाचण्या लक्षाच्या दृष्टीने बघण्यासारख्या असतात, पण त्यांच्यावरून निदान करायचं नाही. अंकस्मरणात सेकंदाला एक अंक, एकाच सुरात म्हणायचा. ‘पाच-तीन, आठ-दोन’ असं जोडीने म्हटलं की मुलाला आयती गाठ बांधून मिळते आणि गुण फुगतात. संख्या लिहायला सांगितल्या तर मराठी मुलाचं आणखी एक बघावं लागतं. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणं म्हणजे दर वेळी घाईच असते असं नाही : कानावर आधी तीन येतो आणि लिहायचा आधी पाच.

दुसरा दिवस चाचण्यांचा. खोलीत भिंतीला तोंड करून टेबल, भिंतीवर तक्ते नाहीत, आईबाबा बाहेर. आई शेजारी बसली की चौथ्या मिनिटाला “अरे दाब ना!” येतंच. पंखा हळू ठेवतो, कारण कागद फडफडला की मूल एक हात कागद धरण्यात घालवतं. लॅपटॉप चार्जिंगवर, इंटरनेट बंद, सूचना बंद. कीबोर्ड तारेचा. ब्लूटूथवाल्या कीबोर्डला किंवा माउसला लागणारा वेळ प्रत्येक दाबाला थोडा-थोडा बदलतो, आणि आम्हाला तर मिलिसेकंदांचाच चढउतार मोजायचा असतो. वीज जाऊन इन्व्हर्टर लागला तर ती चाचणी रद्द धरून दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून घ्यायची.

सुरुवात कागदाने. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मुलांसाठीच्या चाचणीसंचातला रंग खोडण्याचा कागद : लाल, निळी, पिवळी, काळी आणि करडी मिळून १५० वर्तुळं, त्यांतली फक्त लाल आणि पिवळी शक्य तितक्या लवकर खोडायची. अक्षरं नाहीत, आकडे नाहीत, त्यामुळे मराठी माध्यमाचा मुलगा आणि इंग्रजी माध्यमाची मुलगी एका पातळीवर येतात. आधी एकेका रंगाचं नाव विचारून घ्यायचं. एखाद्या मुलाला रंगांधत्व असतं आणि ते इथेच पहिल्यांदा कळतं.

गुण मिळतो लागलेल्या वेळेचा, पण आम्ही बघत असतो पेन्सिल. एखाद्या मुलाची पहिली ओळ डावीकडून उजवीकडे नीट जाते. दुसऱ्या ओळीत लाल वर्तुळांवर पेन्सिल सरसर चालते, पिवळी दोन सुटतात. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर त्याला खालच्या कोपऱ्यात तीन लाल एकत्र दिसतात. पेन्सिल तिकडे उडी मारते, तिथून शेजारी, तिथून वर. आता आपण कुठे होतो हे त्याला सापडत नाही. तो कागदभर नजर फिरवतो, मिळेल ते खोडतो आणि “झालं!” म्हणून पेन्सिल ठेवतो. मागे वळून बघत नाही. वेळ उत्तम येते, कधी वयाच्या सरासरीपेक्षाही कमी. फक्त वेळ लिहिली तर हा मुलगा हुशार ठरेल. म्हणून कुठल्या ओळीत काय सुटलं आणि उडी कुठून कुठे मारली, हे आम्ही दुसऱ्या कोऱ्या प्रतीवर बाण काढून टिपतो. दुसरी एखादी मुलगी तोच कागद दुप्पट वेळ घेऊन, प्रत्येक ओळ बोटाने धरून, एकही चूक न करता सोडवते. तिचा ‘वाईट’ वेळ चिंतेतून आलेला असू शकतो, सावकाश स्वभावातून किंवा चुकलं की ओरडा बसतो या सवयीतून.

मग संगणक. सतत लक्ष ठेवण्याची चाचणी, आम्ही सगळे तिला सीपीटी म्हणतो. १९५६ साली रोजव्होल्ड आणि सहकाऱ्यांनी ती मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी काढली होती. कॉनर्सच्या आवृत्तीत १४ मिनिटांत ३६० अक्षरं येतात, प्रत्येक पाव सेकंद दिसतं. ‘एक्स’ सोडून प्रत्येक अक्षराला स्पेसबार दाबायचा, ‘एक्स’ला हात आवरायचा. अक्षरांमधलं अंतर कधी एक सेकंद, कधी दोन, कधी चार. ही आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी. पण तिसरीतल्या मराठी माध्यमाच्या मुलाला ‘एक्स’ आणि ‘के’ झटकन वेगळे कळत नसतील तर मोजमाप होतं ते इंग्रजी अक्षरओळखीचं. तिथे आकृत्यांची टोव्हा चाचणी घेतो : मोठ्या चौकोनात छोटा चौकोन वर असला तर दाबायचं, खाली असला तर नाही. २१.६ मिनिटं. पहिल्या अर्ध्या भागात दाबायची खूण क्वचित येते, तिथे कंटाळा आणि लक्ष कळतं. दुसऱ्या भागात तीच खूण सारखी येते, हात चालूच राहतो आणि तिथे आवर कळतो.

सूचना दिल्यावर मुलाकडून उलट वदवून घ्यायची : “कधी दाबायचं नाही?” सराव झाला की आम्ही गप्प. “शाब्बास” नाही, “बघ बघ” नाही. आपण बोललो की त्याला बाहेरून टेकू मिळतो आणि नेमकं जे मोजायचं तेच झाकलं जातं. मिनिटाप्रमाणे नोंद मात्र चालू : ३ रं मिनिट, पाय हलवतो. ५ वं, “अजून किती?” ७ वं, खुर्चीवर गुडघे घेतले. ९ वं, छताकडे बघत दाबतोय. ही नोंद नसेल तर नंतर आलेखातला खड्डा कशाचा, हे कोणी सांगू शकत नाही.

निकालात चार गोष्टी बघायच्या. ओमिशन, म्हणजे दाबायचं होतं आणि दाबलं नाही. कमिशन, म्हणजे दाबायचं नव्हतं आणि दाबलं. दाबायला लागलेला सरासरी वेळ. आणि त्या वेळेतला चढउतार. नवखे तपासनीस कमिशन वाढलं की सरळ ‘उतावळा’ लिहितात. कमिशनसोबत वेळ कमी असेल, म्हणजे मूल भराभर दाबतंय, तर घाई म्हणता येते. वेळ संथ असूनही कमिशन जास्त असेल तर बहुधा लक्ष सुटलेलं असतं किंवा नियमच निसटलेला असतो. १०० मिलिसेकंदांच्या आत आलेला दाब त्या अक्षराला नसतोच. तो मागच्या अक्षराचा उशिरा आलेला असतो किंवा तालावर टकटक चाललेली असते. पहिल्याच भागात चुका आणि पुढे सुधारणा असेल तर सूचना कळली नव्हती. पहिला भाग चांगला आणि पुढे घसरण असेल तर ती टिकून राहण्याची अडचण. चार सेकंदांच्या अंतरावर जास्त बिघडत असेल तर संथ कामात मूल विझतं. वर्गात बाई फळ्यावर लिहीत असताना ते का भरकटतं, याचं उत्तर तिथे सापडतं.

आमच्या मते या चारांत सगळ्यात बोलका असतो चढउतार. समजा दोन मुलांचा सरासरी वेळ ५०० मिलिसेकंद आहे. एकाचे दाब ४५० ते ५५० मध्ये, दुसऱ्याचे ३०० पासून ९०० पर्यंत पसरलेले. सरासरीत दोघं जुळे भाऊ दिसतात. घरी मात्र दुसऱ्याच्या आईला एक गणित झटक्यात सोडवणारा आणि त्याच गणितावर पुढच्या मिनिटाला अडकणारा मुलगा रोज दिसतो. ‘येतं त्याला, पण करत नाही’ ही तक्रार त्या पसाऱ्यातून येते. ती आळसाची खूण नाही, हे आम्ही आईबाबांना आलेखावर बोट ठेवून दाखवतो.

उतावळेपणाचे दोन प्रकार वेगळे मोजावे लागतात, आणि इथे बरेच अहवाल कमी पडतात. एक, सुरू झालेली कृती थांबवता न येणं. त्यासाठी स्टॉप-सिग्नल. लोगन आणि कोवन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ते उभं आहे. बाण डावीकडे की उजवीकडे, ते बटण दाबायचं. साधारण चारातल्या एका खेपेला मागोमाग बीप होतो, मग थांबायचं. थांबता आलं तर पुढचा बीप ५० मिलिसेकंद उशिरा येतो, नाही आलं तर ५० लवकर, म्हणजे मूल निम्म्या वेळा थांबेल अशा जागी खेळ येऊन स्थिरावतो. त्यावरून थांबायला लागणारा वेळ काढतात. हुशार मुलं इथे एक युक्ती करतात : बीपची वाट बघत दाबणं लांबवतात. सरासरी वेळ हळूहळू चढताना दिसला की थांबून सांगायचं, “बीपची वाट बघायची नाही, चुकलं तरी चालेल.” तरीही चढत राहिला तर तो आकडा अहवालात घालायचा नाही. बीपच्या निदान ५० खेपा हव्यात, त्याहून कमीत आकडा डळमळतो.

दुसरा प्रकार वाट बघता न येण्याचा. निवड सोपी : दोन सेकंदांत एक गुण किंवा तीस सेकंदांनी दोन. वीस खेपा. काही मुलं हात झकास थांबवतात, पण तीस सेकंद त्यांना सोसत नाहीत. काहींचं अगदी उलट. पहिल्याला रांगेत उभं राहणं, पाळी येईपर्यंत थांबणं अवघड. दुसऱ्याचा हात सिग्नल बदलायच्या आत सायकलचं पॅडल मारतो. घरी सांगायचे उपाय दोघांना वेगळे : पहिल्यासाठी वाट बघण्याचे छोटे टप्पे आणि दिसणारं घड्याळ, दुसऱ्यासाठी कृतीच्या आधी ठरवून घेतलेला एक थांबा.

पालकांचा नेहमीचा प्रश्न : “मोबाइलवर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसं म्हणता?” गेम दर काही सेकंदांनी आवाज, रंग, गुण देतो. तिथे लक्ष मुलाला लावावं लागत नाही, गेमच ओढून धरतो. आमच्या चाचणीत किंवा बेरजेच्या वहीत ते स्वतःच्या जोरावर धरून ठेवायचं असतं.

उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगतो. नव्या जागी, एकट्या मोठ्या माणसासमोर एडीएचडी असलेलं मूल चौदा मिनिटं छान बसू शकतं. म्हणून चांगल्या सीपीटीने निदान पुसलं जात नाही. आणि झोप कमी झालेलं, घाबरलेलं किंवा वाचनात अडणारं मूल सीपीटीत वाईट करू शकतं, म्हणून वाईट सीपीटीने निदान सिद्धही होत नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१९ च्या सूचनांतही पाया डीएसएमचे निकष आणि घर-शाळेची माहिती हाच आहे. आकड्यांचा उपयोग लक्ष नेमकं कुठे सुटतं आणि हात नेमका कुठे आवरत नाही, ते शोधण्यासाठी.

शाळेने परवानगी दिली तर वर्गात वीस मिनिटं बसतो, शक्यतो गणिताच्या तासाला. दर १५ सेकंदांनी एक नोंद : कामात आहे की नाही, नसेल तर हलतोय, बोलतोय की नुसता बघतोय. दर पाचव्या नोंदीला त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडे बघायचं. मिळून ८० नोंदी, ६४ त्याच्या, १६ इतरांच्या. इतर मुलं १६ पैकी ८ वेळा भरकटलेली असतील आणि हा ६४ पैकी ३२ वेळा, तर अडचण त्या तासाची आहे. ते बाईंना दुखावणार नाही अशा शब्दांत सांगावं लागतं.

अहवालात आम्ही निदानासोबत तीन-चार वाक्यं बाईंसाठी लिहितो : एका वेळी एकच सूचना द्या, ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्या, दहा गणितांऐवजी पाच-पाचचे दोन कागद द्या, पहिल्या पाचानंतर त्याला उठून कागद आणून द्यायला लावा. वाचन-लेखनातही अडत असेल तर त्याची तपासणी स्वतंत्र करायला सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे फक्त एडीएचडीचा अहवाल घेऊन प्रमाणपत्रासाठी गेलेले पालक हात हलवत परततात.

औषध सुरू झालं तर फेरतपासणी त्याच वेळेला, त्याच खुर्चीत, त्याच कीबोर्डवर. कमी वेळ टिकणारी गोळी असेल तर ती घेतल्यानंतर एक ते दोन तासांच्या आत. आणि बाईंचा नवा कागद त्याच आठवड्यातला हवा, पण त्यांनी मागचा कागद बघून भरलेला नको. म्हणून जुना आमच्याकडेच फाइलमध्ये राहतो.